सावलीचे शीड : ताणलेल्या कापडाचे बळ आणि त्याचा आधार

उन्हाच्या झळा सुरू झाल्या की डोक्यावर कापड ताणून सावली करावी, ही मानवाची फार जुनी रीत आहे. लग्नघरचा मांडव, देवापुढील चांदवा, छावणीतील राहुट्या आणि शामियाने ही सारी एकाच कुळातील होत. रोम येथील कलोसियम ह्या भव्य क्रीडागृहाचे उद्घाटन इ. स. ८० मध्ये झाले. त्याच्या सर्वांत वरच्या मजल्याभोवती डोलकाठ्या उभ्या करण्यासाठी दगडी आधार बसविलेले होते. त्या डोलकाठ्यांवरून प्रचंड कापडी छत ताणले जाई आणि ते हाताळण्याचे काम आरमारातील खलाशांकडे असे. वारा आणि कापड यांची गाठ पडली की काय होते, हे खलाशांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? स्पेनमधील सेव्हिल शहरात उन्हाळ्यामध्ये अरुंद रस्त्यांवर दुतर्फा घरांमधून आजही असे पट ताणले जातात.

ह्याच परंपरेतील एक आधुनिक साधन म्हणजे सावलीचे शीड. तीन किंवा चार कोपऱ्यांचे, जाळीदार विणीचे प्लॅस्टिकचे कापड केवळ कोपऱ्यांना धरून हवेत ताणलेले असते. खाली वासे नाहीत, आढे नाही, छप्पर नाही. ऑस्ट्रेलियात त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे आहे, म्हणून तेथे घरामागील परसात आणि शाळांच्या क्रीडांगणांवर अशी शिडे सर्रास दिसतात. आपल्याकडेही अंगणे, गच्च्या आणि बालवाड्यांची पटांगणे येथे ती दिसू लागली आहेत. रोपवाटिकांतील हिरवे शेडनेट हे त्यांचे जवळचे नातलग होय.

असे शीड टांगणे वरवर पाहता सोपे वाटते. चार मीटर लांब व चार मीटर रुंद अशा कापडाचे वजन अवघे पाच किलोग्रॅमच्या आसपास भरते. तेव्हा एक खिळा भिंतीत, दुसरा कठड्यात, एक दोर झाडाला आणि एक जुन्या नळाच्या खांबाला बांधला की काम झाले, असे कोणासही वाटेल. परंतु शिडाच्या आधारांवर पडणारा भार कापडाच्या वजनावरून ठरत नाही. तो ठरतो दोन गोष्टींवरून : वाऱ्याच्या वेगावरून आणि कापडाला दिलेल्या आकारावरून. वाऱ्याचा वेग आपल्या हाती नाही. आकार मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. ह्या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

वाळत घालण्याच्या दोरीचा धडा

प्रथम एक साधा प्रयोग मनात करून पाहू. चार मीटर अंतरावरील दोन खुंट्यांना एक दोरी बांधली आहे आणि तिच्या मध्यभागी १० किलोग्रॅमचे वजन टांगले आहे. दोरी मध्ये ४० सेंटिमीटर खाली येत असेल, तर तिच्यात सुमारे २५ किलोग्रॅम ताण निर्माण होतो. दोरी आवळून हा झोळ १० सेंटिमीटरवर आणला, तर ताण १०० किलोग्रॅम होतो. झोळ ५ सेंटिमीटर केल्यास २०० आणि २ सेंटिमीटर केल्यास ५०० किलोग्रॅम! वजन तेच, दोरी तीच; परंतु झोळ कमी होईल त्या प्रमाणात खुंट्यांवरील ओढ वाढत गेली.

ह्याचे कारण असे. वजन सरळ खाली ओढते. त्याला तोलून धरण्यासाठी दोरीच्या ताणाचा काही अंश सरळ वरच्या दिशेने असावा लागतो. दोरी जितकी आडवी, तितका हा वरच्या दिशेचा अंश अल्प. म्हणून तेवढे वजन पेलण्यास एकूण ताण पुष्कळ मोठा लागतो. दोरी अगदी सरळ रेषेत राहावी असा हट्ट धरल्यास ताणाला मर्यादाच उरत नाही. अर्थात तत्पूर्वी दोरी तुटते किंवा खुंटी उपटून येते.

सपाट ताणलेल्या शिडाची गत नेमकी हीच होय. ‘तबल्याच्या पुडीसारखे सपाट आणि घट्ट’ हे शीड चांगले बसल्याचे लक्षण समजले जाते. पण बळाच्या दृष्टीने पाहिल्यास तो सर्वांत प्रतिकूल आकार आहे.

वाऱ्याचा हिशेब

वाऱ्याचा दाब काढण्याचा एक सुटसुटीत नियम आहे. वाऱ्याचा वेग दर सेकंदास किती मीटर आहे ते पाहावे, त्या संख्येचा वर्ग करावा आणि त्यास १६ ने भागावे. येणारे उत्तर म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा दाब, स्थूलमानाने किलोग्रॅममध्ये. वेगाचा वर्ग होत असल्यामुळे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या १६ चौरस मीटरांच्या शिडाला हा नियम लावू. दर सेकंदास १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात त्यावर सुमारे १०० किलोग्रॅम भार येईल. वेग ताशी ७२ किलोमीटर झाला की ४०० किलोग्रॅम, आणि ताशी १४४ किलोमीटर झाला की १,६०० किलोग्रॅम. पाच किलोग्रॅमच्या कापडावर हा भार पडतो! जाळीदार कापडातून काही वारा आरपार जातो आणि छताच्या कलाप्रमाणेही भार थोडाफार बदलतो. पण आधार ठरविताना ही सवलत जमेस धरू नये.

भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात निरनिराळ्या शहरांसाठी वाऱ्याचे मूलभूत वेग दिले आहेत. मोकळ्या प्रदेशात, जमिनीपासून १० मीटर उंचीवर येणाऱ्या जोरदार झोताचे हे वेग आहेत. पुण्यासाठी तो दर सेकंदास ३९ मीटर, मुंबईसाठी ४४ आणि चेन्नईसाठी ५० मीटर आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस महाराष्ट्रात येणारा वळीव, बंगालमधील कालबैसाखी आणि उत्तर हिंदुस्थानातील आँधी ही वादळे नेमक्या त्याच महिन्यांत येतात, ज्या महिन्यांत शिडे टांगलेली असतात. निरभ्र दुपार आणि धुळीचे थैमान यांत अनेकदा तासाभराचेही अंतर नसते.

शिवाय वारा छताला नुसता खाली दाबत नाही. तो खालून शिरून कापड वर उचलतो आणि वरून वाहताना त्यास वर शोषून घेतो. म्हणून आधार केवळ खाली लोंबणाऱ्या वजनासाठी नव्हे, तर वर उडू पाहणाऱ्या पतंगासाठी रचावा लागतो.

कोणी म्हणेल, तर मग कापड सैलच सोडावे. झोळ मोठा, म्हणून ताण कमी! पण सैल कापड वाऱ्यात फडफडते आणि प्रत्येक फडफडीसरशी आधाराला हिसका बसतो. सावकाश चढविलेल्या भारापेक्षा एकाएकी पडलेल्या भाराने दुप्पट ताण निर्माण होतो, आणि सैल दोर खाडकन ताठ होतो तेव्हा तर त्याहूनही अधिक. म्हणजे सपाट ताणावे तर ओढ अफाट, सैल सोडावे तर हिसके. ह्या पेचातून वाट कशी काढावी?

खोगिराचा आकार

ही वाट घोड्याच्या खोगिरात दडलेली आहे. खोगीर पुढून मागे पाहिल्यास खोलगट दिसते, तर डावीकडून उजवीकडे पाहिल्यास फुगीर. शिडाचे समोरासमोरील दोन कोपरे उंच आणि उरलेले दोन सखल बांधले की कापड आपोआप हा आकार घेते. उंच कोपऱ्यांना जोडणारे धागे झोळासारखे खाली वळतात. ते पावसाचा व वरून येणाऱ्या वाऱ्याचा भार पेलतात. सखल कोपऱ्यांना जोडणारे धागे कमानीसारखे वर वळतात; ते कापडाला वर उडू देत नाहीत. दोन्ही धागे एकमेकांना विरुद्ध दिशांनी ओढून धरतात, म्हणून कापड ताठ राहते, फडफडत नाही, आणि तरीही ते सपाट नसते.

जर्मन वास्तुशिल्पज्ञ फ्राय ओटो यांनी हे तत्त्व आधुनिक बांधकामात आणले. कासेल येथे १९५५ साली भरलेल्या उद्यान-प्रदर्शनात त्यांनी वाद्यवृंदासाठी सुती कापडाचे एक छत उभारले. त्याचे दोन बिंदू उंच व दोन सखल होते. त्याच विचाराचा विस्तार म्युनिक येथील १९७२ च्या ऑलिंपिक क्रीडागृहाच्या छतात दिसतो. ओटो यांचे २०१५ साली निधन झाले, आणि त्याच वर्षी वास्तुकलेतील प्रिट्झ्कर पारितोषिक त्यांना देण्यात आले.

आपल्या अंगणातील शिडाला हा हिशेब लावू. दोन कोपरे ३.५ मीटर उंचीवर व दोन २.५ मीटर उंचीवर आहेत असे समजा. मध्यबिंदू ३ मीटरवर येईल आणि प्रत्येक कर्णावर सुमारे अर्ध्या मीटरचा बाक मिळेल. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याने हे शीड ४०० किलोग्रॅम जोराने वर उचलले, तर तो भार मुख्यतः दोन सखल कोपऱ्यांवर, प्रत्येकी २०० किलोग्रॅम असा पडेल. तेथे कापडाचा उतार साधारण तीनास एक असतो. म्हणून प्रत्येक सखल कोपऱ्यावरील आडवी ओढ सुमारे ६०० किलोग्रॅम होईल. तेच शीड जवळजवळ सपाट बांधले आणि उतार दहास एक इतकाच राहिला, तर तीच ओढ २,००० किलोग्रॅमवर जाईल. केवळ कोपऱ्यांच्या उंचीत फरक ठेवल्याने आधारावरील भार एवढा घटतो.

उताराचा आणखी एक लाभ आहे. न गळणारे कापड सपाट बांधल्यास पावसाचे पाणी मध्ये साचते, साचल्याने झोळ वाढतो, आणि झोळ वाढल्याने आणखी पाणी साचते. एका चौरस मीटरवर १० सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलोग्रॅम वजन. उतार असल्यास ते वाहून जाते.

कडा आणि कोपरे

शिडाच्या कडा सरळ नसून आत वळलेल्या असतात, हे चित्रांत आपण पाहिले असेल. ती केवळ शोभा नव्हे. कडेच्या शिवणीत पोलादी तारांचा दोर किंवा मजबूत पट्टा ओवलेला असतो. कापडाची ओढ तो गोळा करतो आणि कोपऱ्यापर्यंत नेतो. आणि ह्या दोरालाही वाळत घालण्याच्या दोरीचाच नियम लागू आहे. चार मीटरांची कड मध्यभागी ४० सेंटिमीटर आत गेलेली असेल, तर कापडातील दर मीटरला २० किलोग्रॅम ताणामुळे कडेच्या दोरात सुमारे १०० किलोग्रॅम ताण येतो. कड २० सेंटिमीटरच आत असेल, तर तो २०० किलोग्रॅमवर जातो. म्हणून कडेची खोली बाजूच्या दहाव्या हिश्शाइतकी ठेवण्याचा प्रघात आहे. त्यामुळे सावलीचे क्षेत्र जवळपास चतुर्थांशाने कमी होते. शिडाचे माप घेताना ही घट आधीच धरावी.

कापडाचा कोपरा आणि खांब यांच्यामध्येही जागा सोडावी लागते. तेथे शॅकल आणि टर्नबकल बसतात. शिवाय नवे कापड काही आठवड्यांत ताणून लांबते, त्यासाठी अवसर हवा. दोन आधारांमधील अंतर कापडाच्या मापाइतकेच ठेवल्यास ते पुढे घट्ट करण्यास वाव उरत नाही.

ओढ जमिनीत कशी पोचवावी

कोपऱ्यावरील ओढ तेथे संपत नाही. ती खांबातून, भिंतीतून किंवा तणाव्यातून अखेर जमिनीत पोचली पाहिजे. मार्गातील सर्वांत दुबळा दुवा जेवढे सोसेल, तेवढेच सारे छत सोसते.

खांबाचा विचार करू. ६०० किलोग्रॅमची आडवी ओढ २.५ मीटर उंचीवर लागली, तर खांब तरफेसारखा वागतो आणि त्याच्या बुंध्याशी १,५०० किलोग्रॅम-मीटर इतका वाकविणारा जोर येतो. मध्यम जाडीचा १०० मिलिमीटर व्यासाचा पोलादी नळ ह्या जोराखाली कायमचा वाकेल. १५० मिलिमीटरचा तग धरील. जाड नळ नको असेल, तर राहुटीप्रमाणे खांबाला मागून तणावा द्यावा. तणावा ४५ अंशांत बांधल्यास त्यात सुमारे ८५० किलोग्रॅम ताण येईल आणि त्याची मेख ६०० किलोग्रॅम जोराने वर ओढली जाईल. काँक्रीटच्या एका घनमीटरचे वजन सुमारे २,४०० किलोग्रॅम असते. म्हणून निव्वळ वजनावर ही ओढ थोपवायची, तर पाव घनमीटर काँक्रीट लागेल. ५० सेंटिमीटर लांब-रुंद आणि एक मीटर खोल खड्डा भरला की ते होते. जमिनीत ठोकलेली हातभर लोखंडी मेख त्या जागी पुरणार नाही.

तणावा नसलेल्या खांबाचा पाया जमिनीवरील उंचीच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतका खोल घ्यावा. मऊ मातीत त्याहून अधिक. दख्खनच्या काळ्या जमिनीत विशेष सावध राहावे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून खांबाची पकड सोडते. तेव्हा पाया खालच्या मुरमापर्यंत न्यावा. ताण चढला की खांब किंचित आत येतो, म्हणून तो आधीच सुमारे ५ अंश बाहेर कलता बसवितात. काँक्रीटला पूर्ण बळ येण्यास २८ दिवस धरतात; निदान पहिले सात दिवस त्यावर पाणी मारावे, आणि पूर्ण ताण घाईने देऊ नये.

भिंतीबाबत एक तत्त्व पक्के ध्यानात ठेवावे : विटांचे बांधकाम दाब सोसते, ओढ सोसत नाही. म्हणून कडी बसवायची ती काँक्रीटच्या खांबात किंवा तुळईत, आरपार बोल्ट घालून व मागे पोलादी पट्टी देऊन. दोन विटांमधील चुन्यात वा सिमेंटात नव्हे. गच्चीचा कठडा तर सर्वांत फसवा आधार होय. २३ सेंटिमीटर जाड व एक मीटर उंच विटांच्या कठड्याच्या दर मीटर लांबीचे वजन सुमारे ४४० किलोग्रॅम असते. परंतु त्याच्या माथ्याला अवघी ५० किलोग्रॅम आडवी ओढ लागली, तर निव्वळ वजनाच्या बळावर तो उभा राहू शकत नाही. पुढे त्याला सावरते ती केवळ सिमेंटची चिकट आणि शेजारची बांधणी. निम्म्या जाडीच्या कठड्यास १२-१३ किलोग्रॅम ओढही पुरते. ज्या शिडाचा कोपरा ६०० किलोग्रॅम ओढतो, ते अशा कठड्याला बांधणे म्हणजे खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोक्यावर विटा टांगून ठेवणे होय.

झाडाचा आधारही शक्यतो टाळावा. झाड वाऱ्यात डोलते आणि प्रत्येक झोक्यासरशी कापडाला हिसका देते. शिवाय खोडाभोवती आवळलेली तार सालीत रुतून झाडाचा अन्नरस अडविते आणि कालांतराने त्यास मारते.

ताण देण्याची रीत

ताण देण्यासाठी टर्नबकल वापरतात. त्याच्या दोन टोकांना उलटसुलट आटे असतात. मधला भाग फिरविला की दोन्ही स्क्रू एकाच वेळी आत ओढले जातात. ह्या लहानशा साधनाचे सामर्थ्य मोठे आहे. २० सेंटिमीटरच्या दांड्याने १५ किलोग्रॅम जोर लावून ते फिरविले, तर पुष्कळसा जोर घर्षणात खर्ची पडूनही काहीशे किलोग्रॅमची ओढ सहज निर्माण होते. म्हणून हाताला जड लागत नाही एवढ्यावरून ताण थोडा आहे असे समजू नये.

प्रथम चारही कोपरे सैल अडकवावेत. मग समोरासमोरची एक जोडी थोडी, नंतर दुसरी जोडी थोडी, असे आळीपाळीने आवळत जावे. सुरकुत्या मावळल्या आणि मध्यभाग हाताने दाबल्यावर किंचित दबून परत आला, की थांबावे. कोपऱ्यापासून निघणाऱ्या ठळक सुरकुत्या राहिल्या, तर कोपरा चुकीच्या दिशेने ओढला जात आहे असे समजावे. अधिक आवळून त्या जाणार नाहीत. आट्यांचा निम्मा भाग पुढील आवळणीसाठी राखून ठेवावा आणि टर्नबकल आपोआप उलटे फिरू नये म्हणून तारेने बांधून टाकावे. ताण चढत असताना दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. कडी सुटली तर ती त्याच रेषेत झेपावते.

पोलादी दोराचे टोक क्लिपांनी बांधताना क्लिपेची खोबणीची बाजू भार वाहणाऱ्या लांब दोरावर आणि वाकडा बोल्ट आखूड टोकावर यावा. उलट बसविल्यास बोल्ट नेमका भाराच्याच दोराला चिरडून दुबळा करतो. समुद्रकिनारी कड्या व शॅकल जस्ताचा मुलामा दिलेले किंवा गंजरहित पोलादाचे घ्यावेत. मात्र दोन्हींची सरमिसळ टाळावी, कारण भिन्न धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की त्यांतील एक लवकर झिजतो.

देखभाल

सावलीचे कापड बहुधा पॉलिएथिलीनचे असते. सूर्याच्या अतिनील किरणांनी ते हळूहळू ठिसूळ होते, आणि शिवणीचा दोरा पुष्कळदा कापडाआधी कुजतो. दर हंगामाच्या आरंभी शिवणी, कड्या, क्लिपा आणि खांबांचे बुंधे तपासावेत. शिडाखाली चूल पेटवू नये, कारण हे कापड उष्णतेने वितळते. विजेच्या तारांच्या आसपास शीड बांधूच नये. सुटलेला एक कोपरा आणि त्याचा पोलादी दोर तेथपर्यंत उडू शकतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शीड काढता आले पाहिजे. निदान दोन कोपऱ्यांची जोडणी अशी असावी की एक माणूस शिडीवर चढून ती थोड्या वेळात सोडवू शकेल. वादळाची सूचना मिळताच शीड उतरवून घडी घालावी, आणि पावसाळ्यात ते घरात ठेवावे. शाळेच्या पटांगणासारख्या ठिकाणी, जेथे छताखाली मुले बसणार आहेत आणि शीड मोठे आहे, तेथे खांब व पाये यांचा हिशेब स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्यावा. त्यांच्याशी बोलताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : वाऱ्याचा वेग कोणता धरला, उंच व सखल कोपऱ्यांत अंतर किती ठेवले, आणि प्रत्येक कोपऱ्यावरची ओढ जमिनीत कोणत्या मार्गाने जाते. ह्या तिन्हींची उत्तरे आकड्यांत मिळाली, म्हणजे त्या छताखाली वर्ग भरविण्यास हरकत नाही.